दीड सुताचा टाका

११ जानेवारी, रविवार. वेळ दुपारी अडीच. स्थळ आमची गच्ची, अकोला.

उपस्थित: मी, सुनंदा (यादी माझ्याकडे). समोरच्या घरच्या मालूबाई. खालच्या मजल्यावरच्या हमीदाभाभी. मागच्या गल्लीतल्या तिघी जावा, पैकी एक शिवायला, दोघी चहाला. आणि हमीदाभाभींचे यजमान युसूफभाई. ते आमच्या बचतगटाचे सभासद नाहीत, पण गैरहजर कधीच नसतात.

हरकत: एक. युसूफभाईंची.

हरकतीचं नंतर सांगते. आधी माणूस सांगते, कारण माणूस कळल्याशिवाय ही हरकत कळायची नाही.

इतर पुरुषांच्या शर्टाच्या खिशात पेन असतो, चष्मा असतो, फार तर औषधाची चिठ्ठी असते. युसूफभाईंच्या खिशात व्हर्निअर कॅलिपर असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत गोळीचा व्यास मोजायला देतात ना, तोच, दोन जबड्यांचा, स्टीलचा. त्यानं युसूफभाई आमच्या गोधड्यांचे टाके मोजतात. गच्चीवर आम्ही बायका गोधडीच्या चार बाजूंना बसलेल्या, आणि हे सत्तरीचे गृहस्थ गुडघ्यावर रुमाल टाकून ओणवे झालेले, एक डोळा मिटलेला, कॅलिपर टाक्यावर टेकवलेला. मग आकडा वाचतात. मग मान वर करून एकच शब्द बोलतात.

"खोला."

खोला म्हणजे उसवा. हा शब्द त्यांनी अकोटहून आणला. तिथल्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, ते छत्तीस वर्षं फिटर होते. मशीनचा रूळ आणि पातं यांच्यातली फट केसाएवढी चुकली तरी सरकी फुटते आणि रुई डागाळते. त्यामुळे काही बिघडलं की फिटरनं आधी खोलायचं, मग बोलायचं. युसूफभाई निवृत्त झाले, शब्द निवृत्त झाला नाही. मालूबाईंच्या भाचीच्या लग्नात मांडवाची दोरी बघून ते डेकोरेशनवाल्याला म्हणाले होते, "खोला." दवाखान्यात रक्तदाब मोजायला नर्सनं दंडाला पट्टा बांधला, तर नर्सला, "बाई, ढिला हाय. खोला." एकदा हमीदाभाभींनी त्यांच्यापुढे खारट वरण ठेवलं. ते ताटाकडे बराच वेळ बघत राहिले, आणि भाभीच म्हणाल्या, "आता हे कसं खोलता, तेवढं सांगा."

गोधडी आम्हाला शिकवली ती हमीदाभाभींनी. त्या बाळापूरच्या. त्यांच्या माहेरी घरटी एक गोधडी कायम अंथरलेली असायची. आल्यागेल्या बाईनं दोन ओळी घालायच्या आणि मग पाणी मागायचं. भाभी मोजत कधीच नसत. सुई चालायची, गप्पा चालायच्या, आणि शेवटी ओळ बघावी तर दोरीवर बसलेल्या चिमण्यांसारखे सारख्या अंतराचे टाके. आम्ही विचारायचो, "भाभी, कसं करता हो?" तर म्हणायच्या, "अवं, कराचं न् काय, होते." शिकणाऱ्या बाईला या उत्तराचा काडीचा उपयोग नाही.

उपयोग झाला तो युसूफभाईंचा. आधी ते नुसते गच्चीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून चहा पीत बसायचे. तिसऱ्या रविवारी त्यांना राहवलं नाही. उठले, भाभींचा एक टाका मोजला, शेजारची फट मोजली, पुढचे वीस टाके मोजले आणि जाहीर केलं, "दीड सूत. टाका दीड, फट दीड. इतके दिवस हे कोनी सांगतलं काहून नाई?"

सूत हे फिटरचं माप. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दीड सूत म्हणजे साधारण गव्हाच्या दाण्याएवढं. त्या दिवसापासून आमच्या गच्चीवर इंच, बोट, वीत सगळं बंद झालं.

मी कामाची बाई आहे. एका शाळेत हेडक्लार्क आहे, आणि माझा यादीवर विश्वास आहे. दुसऱ्या कुणी युसूफभाईंना खुर्चीवर परत बसवलं असतं, मी त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. आजही गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला ते चिकटवलेलं आहे. धागा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, वीतभरही जास्त नाही. लांब धागा शेवटी शेवटी झिजतो आणि टाका पातळ दिसतो. धागा मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यायचा. ओवल्यावर त्याच्या टोकाला छोटा नट बांधून तो खाली लोंबकळत सोडायचा, पीळ उतरला की नट फिरायचा थांबतो, मग शिवायला घ्यायचं. (पहिल्या दिवशी खुर्च्यांच्या हातांना सहा नट गरगर फिरताना बघून पलीकडच्या गच्चीवरच्या आजींनी विचारलं होतं, ग्रहण आहे का?) कापडाचे थर जमिनीवर ताणून घ्यायचे आणि आधी लांब लांब कच्चे टाके घालायचे. ताण राहावा म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवायची. वजनं म्हणून युसूफभाईंनी चार घरांतले वरवंटे गोळा केले. त्यामुळे रविवारी आमच्या चारही घरांत चटणी नसते.

सगळ्यात अवघड होतं ते धागा किती ओढायचा ते. टाक्याचं अंतर डोळ्याला दिसतं, ओढ दिसत नाही. मालूबाईंचा धागा असा आवळायचा की कापडाला चुण्या पडायच्या. माझा इतका सैल की माझ्या सुनेच्या बांगडीत अडकून ओळच वर आली. युसूफभाईंनी दोघींना समोर बसवलं.

"बाई, टाका म्हंजे बोल्ट हाय. मालूबाई, तुमी बोल्ट तोडून राह्यल्या. सुनंदाताई, तुमचा हातानं निघते. वीतभर शिवलं का थांबा. अंगठा ओळीवरून असा हौले फिरवा, ढील पुढं काढा. मंग नख लावून पाहा. नखाची कोर टाक्याखाली गेली पायजे. अख्खं नख गेलं, ढिला. कोर बी नाई गेली, जास्त कसला."

मालूबाई म्हणाल्या, "अन् नखंच नसन तं?"

"तं वाढवा," युसूफभाई म्हणाले.

महिन्याभरात त्यांची नजर इतकी बसली की कॅलिपर लावायच्या आधीच बोलायचे. एकदा मालूबाईंच्या ओळीशी वाकले आणि म्हणाले, "इथं तुमी भावजयीवर आल्या. टाका सव्वा सूत झाला. हे पाहा, इथं दोन टाके मोठे हायेत, इथं चहा आला. अन् चहा झाल्यावर पुन्हा भावजय."

मालूबाईंचा चेहरा उतरला. "बाप्पा! मानूस हाय का सीआयडी?"

पण खरं होतं ते. बोलण्याचा विषय बदलला की आमचा हात बदलतो. मी त्याचीही यादी केली. शिवताना न काढायचे विषय: मालूबाईंची भावजय. नळ किती दिवसांनी आला. कुणाच्या मुलाचं लग्न का जुळत नाही. माझी शाळा. उरलेल्या विषयांवर बोलता येतं, पण फारसे उरत नाहीत. जास्तीत जास्त वेळ आम्ही संत्र्यांवर बोलतो.

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं, म्हणजे माझ्या यादीप्रमाणे. दिवाळीनंतर सेमाडोहच्या एका पर्यटक निवासाकडून आमच्या गटाला बारा गोधड्यांचं काम आलं. मेळघाटात थंडी कडक, जंगल बघायला आलेल्या पाहुण्यांना पांघरायला द्यायच्या. अटी दोनच: संक्रांतीच्या आत पोचल्या पाहिजेत आणि टाके सारखे असले पाहिजेत, वाकडंतिकडं शिवण परत येईल. गटाचं हे पहिलं मोठं काम. मी गोधड्यांना एक ते बारा नंबर दिले, बायका वाटल्या, कागद दाराला लावला.

त्याच सुमाराला हमीदाभाभींचा उजवा हात हलू लागला.

आधी कपातला चहा बशीत सांडायचा. मग सही बदलली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. भाभींनी कुणाला काही सांगितलं नाही, पण सहा नंबरच्या गोधडीवर त्यांची बाजू आम्हाला दिसत होती. एक टाका दीड, दुसरा पावणेदोन, तिसरा सव्वा, मधेच एक तिरका. सगळ्या बघायच्या आणि संत्र्यांवर बोलायच्या. युसूफभाई दर रविवारी सगळ्यांच्या ओळी मोजायचे, त्या बाजूला आले की कॅलिपर पुसायला लागायचे.

निर्णय कुणीतरी घ्यायला हवा होता, आणि आमच्यात निर्णय मी घेते. पुढच्या रविवारी नवा कागद लावला. त्यात लिहिलं होतं: हमीदाभाभी, सुया ओवणे. मला वाटलं, मान राहील, काम राहील, आणि त्रासही व्हायचा नाही.

संध्याकाळी युसूफभाई दारात उभे. हातात तो कागद, चारही कोपऱ्यांच्या चिकटपट्ट्या शाबूत ठेवून काढलेला.

"ताई, हे खोला."

"काय चुकलं? शिवण्यापेक्षा हलकं काम दिलं त्याहिले."

"हलकं?" त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातून सुई घेतली, धागा घेतला, दोन्ही माझ्या हातात दिले. "आता हात हालवत ओवा."

मी मनगट हलवत ओवायचा प्रयत्न केला. एकदा केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा सुई माझ्या बोटात गेली. इतकी वर्षं मी कामं वाटते आहे, पण थरथरत्या हाताला सुईचं भोक नेमून दिलं, असं काम त्याआधी माझ्या हातून झालं नव्हतं. मी ती ओळ खोडली. युसूफभाईंनी ती खोडलेली नीट बघितली.

"सहा नंबर आमाले द्या. घरी. आमी दोघं पुरी करतो."

"तुमी शिवता?"

"शिकतो."

ते शिकले. माझं खालच्या मजल्यावर येणंजाणं असतं म्हणून मी बघितलं. एका जुन्या पायजम्याच्या पायावर त्यांनी आठ दिवस सराव केला. कॅलिपर डाव्या हाताशी, सुई उजव्या हातात, जीभ दातांत. आठव्या दिवशी त्या पायजम्यावर असे टाके होते की शिलाई मशीननं बघून मान खाली घालावी. दीड, दीड, दीड, दीड. आमच्या गटात इतका सारखा हात कुणाचाच नाही, माझाही नाही. मी निश्चिंत झाले. सहा नंबरपुढे यादीत लिहिलं: काळजी नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची लेक अमरावतीहून मुलांना घेऊन आली. अंथरायला जागा नको का, म्हणून सहा नंबरची गोधडी घडी करून दोन दिवस माझ्याकडे ठेवली. संक्रांत तोंडावर आली होती. मी ती उलगडली, मोजपट्टी घेतली आणि बघतच राहिले.

सगळी गोधडी हलत होती. एका बाजूला नाही, चारही बाजूंना. आमच्या गोधडीचं शिवण काठापासून सुरू होतं आणि चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत जातं. काठाच्या ओळीपासून आतल्या ओळीपर्यंत एकही ओळ सरळ नव्हती. दीड, सव्वा, पावणेदोन, आणि मधेच एक तिरका. मला वाटलं, युसूफभाईंनी सगळं भाभींवरच सोडलं आणि स्वतः खुर्चीवर बसले. वाईट वाटलं आणि रागही आला. पायजम्यावर दाखवलेला हात गोधडीवर का नाही? पण राग करायला वेळ नव्हता. मी एका बाजूची काठाची ओळ उसवली, कारण पाहुण्याच्या हाताला काठच लागतो, आणि एक दुपार बसून दीड सुतानं नवी घातली. अंगठा फिरवला, नखाची कोर लावून बघितली. इतकी सुंदर ओळ माझ्या हातून कधी झाली नव्हती. घडी करून परत दिली, भाभींना काही बोलले नाही, यादीत खूण केली.

आता आजची हरकत.

आज सगळ्या गोधड्या शेवटच्या तपासणीला गच्चीवर आणल्या होत्या. युसूफभाईंनी एकेक मोजली. मालूबाईंच्या तीन नंबरला त्यांनी अख्ख्या तपासणीत एकदाही खोला म्हटलं नाही, तर मालूबाईच घाबरल्या. मग सहा नंबर उलगडली. भाभी पलीकडच्या भिंतीला टेकून उन्हात डोळे मिटून बसल्या होत्या. युसूफभाई काठाशी वाकले. कॅलिपर लावला नाही. नुसतं बघितलं.

"ही ओळ कोनाची?"

"माझी," मी म्हटलं. आवाजात थोडा अभिमान होता, नाकारत नाही.

"खोला."

"काय?"

"खोला."

मालूबाई उठून आल्या. ओळ बघितली, युसूफभाईंकडे बघितलं. "युसूफभाई, आंगात ताप हाय का? सहा महिने आमचं वाकडं खोलून राह्यले, आज सरळ काहून खोलता?"

"ढिली हाय," युसूफभाई म्हणाले.

मी नख लावून दाखवलं. कोर गेली, नख गेलं नाही. सगळ्यांनी बघितलं. त्यांनीही बघितलं. कॅलिपर खिशात तसाच होता.

"ढिली हाय म्हणतो ना, ताई."

हा माणूस मोजल्याशिवाय साखरही घालत नाही, आणि धडधडीत खोटं बोलत होता. मी सगळ्यांसमोर वाद वाढवला नाही. नोंदवहीत 'हरकत' लिहिलं आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर त्यांना गाठलं.

"आता सांगा."

त्यांनी पायजम्याच्या खिशातून वही काढली. जिनातली असते तशी, लांबट, जाड पुठ्ठ्याची. एका पानावर त्यांच्या ठळक अक्षरात एकाखाली एक आकडे: दीड. सव्वा. पावणेदोन. दीड. दोन, तिरका. सव्वा. असे बारा.

"हे काय?"

"हमीदाचा हात," ते म्हणाले. "पह्यल्या दिवशी आमी समोरासमोर बसलो. तिनं एक बाजू घेतली, मी एक. मी दीड सुतानं चाललो, मशीनसारखा. मले वाटलं, पाह्यन तं खूश होईन. तिनं माही ओळ पाह्यली, आपली ओळ पाह्यली. अन् सुई ठेवून देल्ली डब्यात. म्हणे, आता तुमीच करा."

वर गच्चीवर मालूबाई कुणाला तरी चहा किती साखरेचा ते विचारत होत्या.

"दुसऱ्या दिवशी मी माह्या सगळ्या ओळी खोलल्या. तिले सांगतलं, जमलं नाई मले, पायजम्यावर सोपं व्हतं. मंग ती झोपल्यावर तिचे बारा टाके मोजले, लिहून घेतले, अन् तसेच घातले. तिनं पाह्यलं. म्हणे, तुमचा बी हातच हालते की हो! अन् हासली. अन् सुई घेतली. तवापासून रोज बसते, ताई. दोन घंटे, तीन घंटे. आता तुमची ही एक ओळ मधातच सरळ हाय. तिचं ध्यान तिच्यावर गेलं तं..."

त्यांनी वही मिटली.

"पन मग हे सेमाडोहले कसं जाईन?" मी विचारलं. कामाचं विचारणं भाग होतं.

ते ताठ उभे राहिले. "नाई जात. सहा नंबर नापास. मी चेकर हाय, मी पास करू शकत नाई. मालूबाईंची घरची एक हाय ना नवी, तिच्यावर हात मारा."

मालूबाईंनी कुरकुर करत घरची गोधडी दिली. तिच्यावर भावजयीचे टाके बरेच आहेत, पण खोलण्याइतके नाहीत. मंगळवारच्या परतवाड्याच्या एसटीनं बारा गोधड्या जातील. हा विषय संपला.

माझी ओळ संपली नव्हती. भाभी औषध घेऊन खाली आडव्या झाल्या होत्या, त्या उठायच्या आत ती उसवून पुन्हा घालायची होती. मी जिन्यातच बसले, गोधडीचा काठ मांडीवर. युसूफभाई वरच्या पायरीवर वही घेऊन आकडे सांगू लागले.

"दीड. सव्वा. आता पावणेदोन. ताई, पावणेदोन! सरळ चालल्या तुमी."

"हात आपोआप दीडवर येते हो."

"खोला."

वाकडं शिवायला इतकी मेहनत लागते हे मला माहीत नव्हतं. अख्ख्या ओळीला दोन तास लागले.

संध्याकाळी कात्री परत द्यायला खाली गेले. युसूफभाई लेकीला एसटीवर सोडायला गेले होते. भाभींनी गोधडी पलंगावर पसरली होती आणि काठावरून तळहात फिरवत होत्या. हात हलतच होता.

"ताई, ही ओळ आज तुमी घातली ना?"

मी कात्री पुढे केली.

"घाबरू नका. गच्चीवर डोये मिटले व्हते, कान नाई. अन् टाकेबी समजते मले. बारा टाक्यांनं फिरून तेच येते. दीड, सव्वा, पावणेदोन, मंग तो तिरका. माहा हात कुठं बारा मोजते? तो तं मनाचा राजा झाला आता. ह्याहिचं वाकडं बी घड्याळासारखं चालते." त्या हसल्या. "बह्याड मानूस! वाकडं कराचं तं करा, पन मोजून!"

"कधीपासून माहीत हाय तुमाले?"

"दुसऱ्याच दिवसापासून."

"मग बोलल्या काहून नाई?"

भाभींनी गोधडीची एक बाजू माझ्याकडे सरकवली, घडीला. "छत्तीस वर्षं हे हंगामभर अकोटले राह्यले. जिन दिवसरात चाले. आठवड्याचे एक दिवस आले तं आले. उन्हायात घरी असत, तं पंखा खोलून बसत, सायकल खोलून बसत. समोर बसून दुपार काढली असं कधी झालंच नाई. आता रोज माह्यासमोर बसते. मधात गोधडी. बोलत नाई जास्त, मोजत राह्यते. पन बसते."

घडी करायला मध्यावर आलो तेव्हा, इतके दिवस काठाच्याच नादात न दिसलेला मधला चौकोन मला दिसला. सगळ्या ओळी फिरून फिरून तिथे येऊन थांबल्या होत्या. वीतभर जागा तेवढी बिनशिवणाची.

"हे एवढंच राह्यलं की, भाभी. एका बैठकीत होते."

"होते ना. पन आमच्या बाळापूरची रीत हाय, पह्यला टाका जिनं घातला, शेवटचाबी तिनंच घालाचा. हे रोज म्हणतात, चाल, घाल. मी म्हणतो, हात जरा थांबला का घालीन." त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "थांबते तसा. सकायच्या गोळीनंतर घंटाभर चांगला थांबते."

बाहेर फाटक वाजलं. भाभींनी घडी पटकन उलगडली, सुईचा डबा जवळ ओढला आणि पलंगाच्या एका बाजूला सरकून बसल्या. समोरची जागा रिकामी ठेवली.

मी घरी येऊन सगळं साफ अक्षरात उतरवलं. बारा गोधड्या, मंगळवार, एसटी: ठरलं. वरवंटे ज्याचे त्याला परत: झालं. मालूबाईंना नवीन कापड द्यायचं: बुधवारी. काम पुढच्या पानावर न्यायची मला सवय नाही; राहिलेलं काम दिसलं की मी ते करून टाकते किंवा कुणाला तरी नेमून देते.

सहा नंबर, मधला चौकोन, वीतभर: बाकी. नाव लिहिलेलं नाही, तारीखही नाही.